सैतान खरंच आहे का? ख्रिस्ती मंडळ्यांची उत्तरं वेगवेगळी का आहेत

उपासनेत म्हटला जाणारा प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, एकदा सावकाश वाचून पाहा. त्यात आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा देव आहे, येशू ख्रिस्त आहे, पवित्र आत्मा आहे, मरिया आहे, येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पंतय पिलातसुद्धा नावानिशी आहे. सैतान नाही. ३२५ साली निकेयाला आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदांमधून जो दुसरा मोठा मतांगीकार आला, त्यातही तो नाही. त्या काळचे ख्रिस्ती सैतान मानत नव्हते असं मात्र यावरून धरू नका, ते सर्रास मानत होते. पण ‘मी यावर विश्वास ठेवतो’ म्हणून जे जाहीर सांगायचं, त्यात त्याला जागा द्यावी असं त्यांना वाटलं नाही. आज एक मंडळी सैतानाला व्यक्ती मानते, दुसरी प्रतीक मानते, आणि तरी दोघी तोच मतांगीकार म्हणतात, ते यामुळेच जमतं.

कोल्हापुरात हा विषय निघाला की गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. इथे जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या आहेत. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं आणि पुढे त्याच मिशनने मिरजेचा मोठा दवाखाना उभारला. कॅथलिक चर्च आहे. गेल्या काही दशकांत वाढलेल्या, कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल प्रार्थनासभा आहेत. आणि या सगळ्यांच्या भोवती करणी, भानामती, अंगात येणं, देवऋष्याकडे जाणं या इथल्या जुन्या समजुती आहेत. ‘सैतान’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात हे सगळं एकदम उभं राहतं, आणि मग कोण नेमकं काय मानतं हे कळेनासं होतं.

‘सैतान आहे का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. तो स्वतःची इच्छा आणि बुद्धी असलेली व्यक्ती आहे का? असेल तर त्याची ताकद किती? आणि समोर त्रासात असलेल्या माणसाचं काय करायचं? पहिल्या प्रश्नावर मतं दोन टोकांना जातात. दुसऱ्यावरचे मतभेद वाटतात त्यापेक्षा बरेच कमी आहेत. तिसऱ्यात चूक झाली तर जिवावर बेतते.

बायबलमध्ये काय आहे

जुन्या करारात सैतान फार थोड्या ठिकाणी येतो. हिब्रूत या शब्दाचा साधा अर्थ विरोधक, आडवा येणारा. गणनेच्या २२व्या अध्यायात बलाम या द्रष्ट्याच्या वाटेत असा आडवा उभा राहतो तो चक्क परमेश्वराचा दूत. ईयोबाच्या पुस्तकात हा शब्द नावापेक्षा हुद्द्यासारखा वापरलाय. देवाच्या दरबारात हजेरी लावणारा, माणसाच्या सचोटीवर शंका घेणारा हा जणू सरकारी वकील आहे. परवानगीशिवाय त्याला काहीच करता येत नाही. पहिल्या खेपेला देव सांगतो, ईयोबाच्या अंगाला हात लावायचा नाही. दुसऱ्या खेपेला सांगतो, अंगाला लाव, पण जीव राख. दुसऱ्या अध्यायानंतर हा सैतान पुस्तकात पुन्हा दिसतच नाही. शेवटी देव वादळातून ईयोबाशी बोलतो, तेव्हाही त्याचा उल्लेख होत नाही.

दाविदाच्या खानेसुमारीची गोष्ट तर दोन पुस्तकं शेजारी ठेवूनच वाचायला हवी. २ शमुवेल २४ म्हणतं की परमेश्वराचा कोप भडकला आणि त्याने दाविदाला इस्राएलची मोजदाद करायला चिथावलं. १ इतिहास २१ तीच गोष्ट सांगतं, पण चिथावणारा सैतान. पुढे दोन्हीकडे तीच मरी येते, दोन्हीकडे सत्तर हजार माणसं मरतात. इतिहासाचं पुस्तक नंतरचं आहे, बाबेलच्या बंदिवासातून लोक परतल्यानंतरचं. मधल्या काळात काय झालं? अभ्यासकांपैकी बरेच जण म्हणतात, देवानेच माणसाला पापात ढकललं हे सांगणं लोकांना जड जाऊ लागलं आणि ती जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे गेली. शब्दशः वाचणारे म्हणतात, दोन्ही खरं आहे, देवाने मोकळीक दिली आणि सैतानाने काम केलं. ख्रिस्ती मंडळ्यांतले पुढचे जवळपास सगळे मतभेद या दोन वाचनांतून फुटलेले आहेत, म्हणून हे दोन अध्याय कुणीही स्वतः उघडून पाहावेत.

एदेन बागेतल्या सापाला उत्पत्तीचं पुस्तक कुठेही सैतान म्हणत नाही. ती जोडणी नंतरची. ज्ञानग्रंथात (२:२४) दियाबलाच्या (म्हणजे सैतानाच्या) मत्सरामुळे जगात मरण आलं असं वाक्य आहे, पण हा ग्रंथ कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. प्रकटीकरण १२:९ मात्र त्या ‘जुनाट सापाला’ सरळ दियाबल आणि सैतान म्हणतं. सैतानाचं ‘लुसिफर’ हे नाव ज्या यशया १४ वरून आलं, तिथे बोलणं चाललंय बाबेलच्या राजाविषयी. हे सांगणारे सगळे आधुनिक शंकेखोर आहेत असंही समजू नका. सैतानावर पक्का विश्वास असलेला प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनसुद्धा १६व्या शतकात लिहून गेला की या ओळी सैतानाला लावणं हे अज्ञान आहे.

नव्या करारात चित्र बदलतं. अरण्यात येशूची परीक्षा घेणारा सैतान बोलतो, शास्त्रवचनं देतो, सौदा करू पाहतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तो गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो. पण इथेही सगळं एकसुरी नाही. मत्तय १६ मध्ये येशू आपल्या जवळच्या शिष्याला, पेत्राला, ‘सैताना, माझ्या मागे हो’ म्हणतो, आणि तिथे पेत्राच्या अंगात काही शिरलंय असं कुणीच म्हणत नाही. याकोबाचं पत्र १:१४ मध्ये सांगतं की माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जाऊन मोहात पडतो, आणि तेच पत्र ४:७ मध्ये सांगतं, दियाबलाला विरोध करा म्हणजे तो पळून जाईल. मार्क, मत्तय आणि लूक यांच्यात येशू अनेकांमधून दुरात्मे काढतो. योहानाच्या शुभवर्तमानात असा एकही प्रसंग नाही, तरी ‘या जगाचा अधिकारी’ तिथे तीनदा येतो. एकाच येशूची ही चार वर्णनं, आणि त्यातही या बाबतीत इतका फरक.

कोण काय मानतं

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका स्वच्छ आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की दियाबल आणि इतर दुरात्मे देवाने मुळात चांगलेच निर्माण केले, ते आपल्याच करणीने वाईट झाले. हे वाक्य कशासाठी लिहिलं गेलं ते कळलं की त्याचं वजन कळतं. त्या काळी दक्षिण फ्रान्समध्ये कॅथर लोक म्हणत होते की हे दिसणारं जग वाईट शक्तीने घडवलंय. चर्चला सांगायचं होतं की निर्माता एकच आहे, आणि सैतानही त्यानेच निर्माण केलेला आहे. त्याच्या बरोबरीचा दुसरा देव कुणी नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने हीच शिकवण घेतली (परिच्छेद ३९१ ते ३९५). प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘वाइटापासून सोडव’ हे मागणं एका व्यक्तीविषयी, म्हणजे सैतानाविषयी आहे, असंही तो ग्रंथ सांगतो (२८५१). पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये बजावलं की दियाबलाला निव्वळ दंतकथा, प्रतीक किंवा कल्पना समजू नका. तरीही आतले मतभेद मिटलेले नाहीत. २०१७ मध्ये खुद्द जेझुइट या कॅथलिक संघाचे प्रमुख आर्तुरो सोसा एका मुलाखतीत म्हणाले की वाईटपणा व्यक्त करण्यासाठी माणसांनी सैतानासारख्या प्रतीकात्मक आकृती घडवल्या. त्यावर बरीच टीका झाली.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेणारा पश्चिमेकडे, म्हणजे मावळतीच्या अंधाराकडे तोंड करून सैतानाचा त्याग करतो आणि मग पूर्वेकडे वळतो. तिथे हा वादाचा विषय फारसा नाही.

प्रोटेस्टंट सुधारकांनी पोपची सत्ता नाकारली, सैतान नाकारला नाही. मार्टिन लूथर त्याच्याशी रोजचं भांडण असल्यासारखं लिहितो. कॅल्व्हिनच्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या भागात, १४व्या अध्यायात एक फार महत्त्वाची जागा आहे. दुरात्मे म्हणजे माणसाच्याच वाईट भावना, असं म्हणणाऱ्यांना तो तिथे खोडून काढतो. म्हणजे प्रतीकवादी मत विजेच्या दिव्याबरोबर जन्मलं नाही, साडेचारशे वर्षांपूर्वीही ते मांडणारे होते. पण त्याच अध्यायात कॅल्व्हिन हेही ठासून सांगतो की देवाच्या मर्जीशिवाय सैतानाला काडीही हलवता येत नाही. कॅल्व्हिनच्या विचारांवर उभ्या असलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून आलेल्या इथल्या जुन्या मंडळ्यांत सैतानाविषयी आरडाओरड कमी असते, त्याचं एक मूळ या शिकवणीत आहे.

शंकेची वाट पुढे रुंद झाली. १६९१ मध्ये बाल्थासार बेकर या डच पाळकाने लिहिलं की सैतान जगात ढवळाढवळ करूच शकत नाही, आणि त्याला पाळकपद गमवावं लागलं. १९व्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ फ्रीडरिख श्लायरमाखरने तर्काचा प्रश्न टाकला. जो देवदूत इतका बुद्धिमान, देवाच्या इतका जवळ, तो पडेल कशाला? मत्सर किंवा गर्व वाटायला तो आधीच पडलेला असायला हवा. १९४१ मध्ये जर्मन बायबल-अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमानने मांडलं की विजेचे दिवे, रेडिओ आणि आधुनिक औषधं वापरणाऱ्या माणसाला नव्या करारातलं भुताखेतांचं जग आहे तसं मानता येणार नाही, त्यामागचा अर्थ शोधावा लागेल. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंकने मधली वाट काढली. साम्राज्य, बाजार, जात, वंशद्वेष अशा व्यवस्थांना स्वतःचं एक आतलं बळ येतं, ते कुणा एका माणसाच्या ताब्यात राहत नाही आणि चांगल्या माणसांकडूनही वाईट करवून घेतं. बायबल ज्याला सत्ता आणि अधिकार म्हणतं ते हेच, असं त्याचं म्हणणं.

काही छोट्या पंथांनी तर प्रतीकवाद हीच अधिकृत शिकवण केलीय. जॉन थॉमस यांनी १९व्या शतकात सुरू केलेले ख्रिस्ताडेल्फियन बायबल शब्दाशब्दाने मानतात, तरी सांगतात की सैतान म्हणजे माणसाच्या पापी प्रवृत्तीला दिलेलं व्यक्तिरूप आणि दुरात्मे म्हणजे त्या काळच्या भाषेत आजार. बायबल काटेकोरपणे वाचणारा माणूस सैतान मानणारच, हा समज या एका उदाहरणाने मोडतो. १८व्या शतकातल्या स्वीडिश विचारवंत स्वीडनबोर्गच्या अनुयायांच्या मते सैतान नावाचा कुणी एक सरदार नाही, नरक भरलाय तो मेलेल्या दुष्ट माणसांनी. ख्रिश्चन सायन्सवाले वाईटपणालाच खरं अस्तित्व देत नाहीत. दुसऱ्या टोकाला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्त आणि सैतान यांच्या झगड्यात सगळा इतिहास पाहतात, आणि यहोवाचे साक्षीदार तर सैतानाला पृथ्वीवर टाकल्याचं साल देतात, १९१४.

पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये सैतान खरा आणि रोजच्या जगण्यातला. मोह, आजारपण, व्यसन, घरातली भांडणं यांमागे त्याचा हात असू शकतो आणि येशूच्या नावाने त्याला हुसकता येतं, ही तिथली धारणा. पण याही घरात सगळे एका सुरात नाहीत. १९९० च्या दशकात गावागावांवर, प्रदेशांवर राज्य करणारे दुरात्मे शोधून काढण्याची पद्धत गाजली, तेव्हा खुद्द इव्हँजेलिकल अभ्यासकांनी तिला बायबलचा आधार नाही म्हणून हरकत घेतली. आणि असेंब्लीज ऑफ गॉड या जगातल्या सर्वांत मोठ्या पेंटेकॉस्टल संघटनेची भूमिका अशी की खऱ्या विश्वासी माणसाला दुरात्मा ताब्यात घेऊच शकत नाही. मंडळीतल्याच आजारी बहिणीला ‘हिला लागलंय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन्ही बाजूंची दुखरी नस सांगायलाच हवी. सैतानाला व्यक्ती मानणाऱ्यांना श्लायरमाखरच्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही, आणि ‘सैतानाने करवलं’ म्हणून दारूच्या नशेत बायकोवर हात उचलणारा मोकळा सुटतो, ही त्या शिकवणीची सवंग बाजू आहे. प्रतीक मानणाऱ्यांना येशूच्या बोलण्याचा हिशोब द्यावा लागतो. तो त्या काळच्या समजुतीप्रमाणे बोलला म्हणायचं, तर त्याचं बाकीचं बोलणं कुठवर तसंच घ्यायचं? आणि एखाद्या वंशसंहाराकडे पाहून ‘माणसाच्या वाईट सवयी’ एवढंच म्हणणं अपुरं वाटतं, हेही खरं. विंकची वाट त्यातल्या त्यात जास्त प्रामाणिक वाटते, पण कारखान्याच्या किंवा सरकारच्या ‘आतल्या बळा’ला बाप्तिस्म्यात नाकारायचं कसं, हे तिथे अडतं.

जिथे एकमत आहे

मुख्य प्रवाहातल्या सर्व मंडळ्या एवढं मानतात की सैतान असलाच तर तो देवाच्या बरोबरीचा नाही. तो सर्वव्यापी नाही, सर्वज्ञ नाही, आणि माणसाची इच्छा मोडून त्याच्याकडून पाप करवून घेऊ शकत नाही. दुसरं, दुरात्मे म्हणजे मेलेल्या माणसांची भुतं नव्हेत. पारंपरिक शिकवणीत ते पडलेले देवदूत आहेत. म्हणून विहिरीत जीव दिलेल्या शेजारणीचा आत्मा अमक्याच्या अंगात आला, हे या शिकवणीत बसत नाही. ख्रिस्ती झाल्यावरही बऱ्याच घरांत ही समजूत तशीच राहते, फक्त देवऋष्याच्या जागी प्रार्थना करणारा भाऊ येतो.

एखाद्या मंडळीचं मत जाणून घ्यायचं तर पाळकसाहेबांना ‘तुम्ही सैतान मानता का’ विचारून फारसं कळत नाही, बहुतेक जण हो म्हणतील. त्यापेक्षा बाप्तिस्म्याचा विधी वाचा. कॅथलिक विधीत ‘सैतानाचा त्याग करता का’ असा थेट प्रश्न आहे. चर्च ऑफ इंग्लंडने पर्यायी शब्दांना मान्यता दिली, त्यात सैतान नाही, पाप आणि वाईट यांचा त्याग आहे, आणि जुना विधीही चालू आहे. मग श्रद्धापत्रक असेल तर पाहा. आणि शेवटी हे पाहा की मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिला फोन कुणाला जातो.

आजारी माणूस समोर असतो तेव्हा

मत्तय १७, मार्क ९ आणि लूक ९ मध्ये एकाच मुलाची गोष्ट आहे. तो जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो, कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. मार्क याला मुका आत्मा म्हणतो, मत्तयात बाप त्याला फेफरं येतं म्हणून सांगतो. आज कुठलाही डॉक्टर ही लक्षणं ऐकून आधी अपस्माराचाच विचार करेल. म्हणून येशूने त्याला बरं केलं नाही असं होत नाही. पण आज तसंच पडणारं मूल समोर असेल, तर काय करायचं हे स्पष्ट आहे.

झटका आला की मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, तो आपल्या वेळेने थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. प्रार्थनेचंही तसंच होतं, आणि इथेच घात होतो. झटका थांबला, म्हणजे दुरात्मा निघाला, म्हणजे मूल बरं झालं, म्हणजे गोळ्या बंद. अपस्माराच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला, किंवा शुद्ध न येता लागोपाठ आलेला झटका म्हणजे तडक दवाखाना.

कॅथलिक चर्च सैतानाला व्यक्ती मानतं, आणि तरी भूतबाधा काढण्याच्या विधीवर सर्वांत कडक लगाम त्याच चर्चने लावलाय. चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) ११७२ प्रमाणे बिशपची स्पष्ट परवानगी असलेल्या धर्मगुरूखेरीज कुणालाही तो करता येत नाही, आणि हा आजार तर नाही ना याची आधी खात्री करावी लागते. नुसत्या परवानगीने मात्र भागत नाही. १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीत अपस्माराचं निदान झालेली २३ वर्षांची एक विद्यार्थिनी, बिशपच्या परवानगीने चाललेल्या ६७ विधींनंतर, उपासमारीने मेली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरवलं.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. इजा न करणाऱ्या प्रार्थनेला, मग ती चर्चमध्ये असो वा घरी, कायद्याने हात लावलेला नाही. त्यामुळे पाळकांनी प्रार्थना जरूर करावी, आणि त्याच बसण्यात घरच्यांना विचारावं की गोळ्या चालू आहेत का, शेवटचं कधी दाखवलं होतं. आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, झोप उडणं, बोलणं असंबद्ध होणं, अशी लक्षणं असतील तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, किंवा घरूनच १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीच्या, क्रमांकावर बोला. तो फोन मोफत आहे.